पाचव्या चाकाचा हार

कॅनडातल्या विंडसरच्या बोडसकाकांना दोन प्रकारच्या माणसांचा भयंकर राग होता. एक, चहात आधी दूध ओतणारी. आणि दुसरी, न बघता ‘ओके’ म्हणणारी. पहिल्या प्रकाराला ते निमूट सहन करत, कारण प्रभाकाकू त्यातल्याच होत्या. दुसऱ्या प्रकारातल्यांना मात्र त्यांनी एकतीस वर्षं सळो की पळो करून सोडलं होतं. मोटारींच्या सस्पेन्शनचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ते शेवटच्या तपासणीला बसायचे. माल त्यांच्या हाताखालून गेला, त्यावर पिवळ्या मार्करने ‘जेबी’ ही अक्षरं उमटली, की मगच तो ट्रकमध्ये चढायचा. बरोबरचे इटालियन आणि लेबनीज कामगार त्यांना ‘मिस्टर नो’ म्हणत. जनार्दन बोडस हे नाव त्यांच्यातल्या कुणालाच धड उच्चारता यायचं नाही, पण ‘मिस्टर नो’ला सगळे वचकून असत, आणि काका ते नाव पदवीसारखं मिरवत.

निवृत्त झाल्यावर अशा माणसाचं घरच्यांनी करायचं काय? पहिलं वर्ष त्यांनी डिशवॉशर, फर्नेस, शेजाऱ्याचं कुंपण आणि काकूंची थालीपिठाची भाजणी, सगळं तपासून नापास केलं. काकू टेकीला आल्या. मुलगी अवंतिका कॅल्गरीला; ती फोनवर “बाबा, प्लीज गेट अ हॉबी” म्हणून मोकळी व्हायची. मग बेसमेंटमध्ये जयदीप आणि अस्मिता भाड्याने राहायला आले, आणि काकूंची सुटका झाली.

जयदीप नागपूरचा, पस्तिशीतला, घरी बसून एका टोरांटोच्या कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करणारा. अस्मिता औषधांच्या लॅबमध्ये. दोघांनी पीआरसाठी, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, अप्लाय केलं होतं आणि उत्तराची वाट बघण्यात त्यांची वर्षं चालली होती. घरमालक आणि भाडेकरू हे नातं कधी गळून पडलं ते कुणाला कळलं नाही. जयदीप वर येऊन काही न विचारता फ्रिज उघडायचा, यावरून काय ते ओळखा. काकांना तो कशालाही प्रश्न विचारायचा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकायचा. सत्तरीच्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही.

एका वसंतात त्याने एक जुना ट्रेलर आणून ड्राइव्हवेवर उभा केला. पिकअपच्या मागे ओढत न्यायची ती चाकांवरची खोली: आत दोन पलंग, शेगडी, एवढीशी वॉशरूम. दोन्ही बाजूंना दोन-दोन अशी चार चाकं, आणि मागच्या बंपरवर लटकवलेलं पाचवं, स्पेअर.

“काका, पूर्ण कॅनडा बघायचा आहे या ट्रेलरमधून,” जयदीप म्हणाला.

काकांनी बंपरवर बोटाने दोनदा टकटक केलं, कान लावला आणि मान हलवली. “नो. हा बंपर पत्र्याचा आहे. वेल्डिंगला चीर गेलीय, ही बघ. हे चाक एक दिवस बंपरसकट हायवेवर पडेल, आणि मागून येणाऱ्या कुणाचा तरी जीव जाईल. आहे तयारी?”

जयदीपची तयारी नव्हती. मग तो सगळा उन्हाळा दोघं त्या ट्रेलरखाली पाठीवर पडून होते. काकांनी ट्रेलरच्या पोटाखाली, दोन आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या मधोमध, स्पेअरसाठी एक विंच बसवली. विहिरीवरच्या रहाटाचाच प्रकार तो: बाहेरून हँडल फिरवलं की पोलादी केबल गुंडाळत जाते, केबलच्या टोकाची थाळी चाकाच्या मधल्या भोकात अडकते, आणि चाक आडवं होऊन वर येतं. वर येऊन ते पट्ट्यांना घट्ट चिकटलं, की हँडल ‘कट्‌ कट्‌’ वाजतं. शिवाय नुसत्या केबलवर भरवसा कशाला, म्हणून काकांनी एक जाड साखळीही लावली. ती चाकाच्या भोकातून ओवून पलीकडच्या हुकात अडकवायची. तिची लांबी त्यांनी मुद्दाम मापात ठेवली होती. चाक जागेवर नीट बसलं असेल तरच ती हुकापर्यंत पोचायची.

“चाक आणि लोखंड यांच्यामध्ये काहीही येता कामा नये,” काका शिकवत. “चिंधी नको, पान नको. मध्ये काही अडकलं तरी कट्‌ वाजतंच, पण ते खोटं कट्‌. मधली वस्तू दबली, वाळली, की ढील पडते. ढील पडली की खड्ड्याखड्ड्याला चाक उडतं, विंचचा दात सुटतो आणि केबल उलगडत जाते. म्हणून कट्‌वर विश्वास नाही ठेवायचा. साखळीला विचारायचं.”

“साखळीला विचारायचं,” जयदीप म्हणायचा.

निघण्याआधी ट्रेलरभोवती फिरून सगळं तपासायचं, याला इथे सर्कल चेक म्हणतात. काकांनी त्याची तेवीस कलमांची यादी केली आणि लॅमिनेट करून आणली. प्रत्येक ट्रिपच्या सकाळी जयदीप यादी वाचायचा आणि काका फिरत, वाकत, हात लावत उत्तर द्यायचे. “हिच?” म्हणजे ट्रेलर पिकअपला जोडणारा सांधा; “ओके.” “ब्रेक लाइट?” “ओके.” तेविसावं कलम स्पेअरचं. त्यासाठी काका गुडघ्यांवर बसायचे, मान वाकडी करून पोटाखाली बघायचे, साखळी ओढायचे, आणि मगच “ओके” म्हणायचे. शेवटी मार्करने यादीवर ‘जेबी’. ट्रिपहून परत आलं की जयदीप ओल्या फडक्याने कागद पुसून ठेवायचा. तीन उन्हाळे हे असं चाललं होतं, आणि काकांना ते कारखान्यातल्या एकतीस वर्षांपेक्षा जास्त आवडत होतं.

मग दसरा आला.

बोडसांकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा दणक्यात व्हायची. काकूंचं शिलाई मशीन, जयदीपचा लॅपटॉप, स्नो ब्लोअर आणि लाल मखमलीवर काकांचा व्हर्नियर कॅलिपर. आपट्याची पानं इथे कुठली मिळायला? शेजारच्या मेपलची पिवळी पानं सोनं म्हणून वाटायची. त्या वर्षी मागच्या अंगणात काकूंचा झेंडू असा काही फुलला होता, की त्यांनी सुतळीत ओवून मनगटाएवढे जाड हार केले आणि पिकअपला, ट्रेलरच्या चारही चाकांना घातले. मग त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “अहो, आणि पाचवं? ते काय सावत्र आहे?”

काका खूश झाले, यात लपवण्यासारखं काही नाही. त्यांच्या विंचचं कौतुक करायला कुणी येतच नव्हतं. त्यांनी हँडल फिरवून चाक खाली आणलं, कसं अलगद उतरतं ते सगळ्यांना दाखवलं. काकूंनी कुंकू लावलं, हार दुहेरी करून चाकाला गुंडाळला, नारळ फुटला, अस्मिताने फोटो काढले.

चाक परत वर चढवायच्या वेळी काकांनी हाराला हात घातला, तर काकू ओरडल्या. “पूजेचा हार आजच्या आज कसला काढताय? उद्या निर्माल्य झालं की काढा.”

चाक खाली ठेवून चाललं नसतं. पहाटे अस्मिताची गाडी त्याच ड्राइव्हवेतून निघायची होती. बायकोचा शब्द मोडून सणाच्या दिवशी कटकट नको, शिवाय आत श्रीखंड वाट बघत होतं. काकांनी हारासकट चाक वर चढवलं. कट्‌ कट्‌ वाजलं. साखळी ओवली, तर ती हुकापासून दोन कड्या अलीकडेच थांबली. साखळी ‘नो’ म्हणत होती, अगदी ज्या कामासाठी बनवली तेच काम करत होती. काका म्हणाले, “उद्या हार काढला की आवळतो,” आणि साखळी तशीच लोंबती ठेवून आत गेले.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. तिसऱ्या दिवशी मंडळाचा कार्यक्रम. चौथ्या दिवसापासून गुडघा धरला. ते विसरले, असं म्हणता येणार नाही. डोक्याच्या एका कोपऱ्यात ते होतंच. पण जे काम आपल्यालाच करायचं आहे आणि कुणी विचारणारंही नाही, ते उद्यावर ढकलायला किती सोपं जातं!

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी जयदीप आणि अस्मिता रंगलेली झाडं बघायला निघाले. कडाक्याची थंडी, काँक्रीटवर दवाचा चिकचिकाट. चार चाकांवरचे वाळके हार जयदीपने आधीच काढून टाकले होते. काका स्वेटरवर जॅकेट चढवून आले, आणि यादी सुरू झाली. बाविसाव्या कलमापर्यंत सगळं रीतसर झालं.

“स्पेअर?”

काकांनी खाली बघितलं. काँक्रीट ओलं होतं. गुडघा ठणकत होता. खाली बसायचं म्हणजे जयदीपचा हात धरून उठावं लागणार, आणि अस्मिता बघत होती. हाराचा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आला आणि शेपटी दिसावी तसा दिसून गेला. विंच आपली. साखळी आपली. तीन वर्षांत कधी हलली नाही.

“ओके,” काका म्हणाले, आणि यादीवर ‘जेबी’ लिहिलं.

काकूंनी थर्मास आणि थालीपिठांचा डबा दिला. ट्रेलर वळून दिसेनासा होईपर्यंत दोघं हात हलवत उभे होते.

तासाभरात फोन आला. जयदीपचा आवाज ओळखू येत नव्हता. “काका, स्पेअर पडलं.”

टिलबरीच्या पुढे चारशे एक नंबरच्या हायवेवर चाक सुटलं होतं. मागून एक बाई येत होत्या, एकसष्ट वर्षांच्या, मॅरियन नावाच्या. बहिणीकडे निघाल्या होत्या, शेजारच्या सीटवर सणासाठी भाजलेले दोन पम्पकिन पाय. चाक चुकवायला त्यांनी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी चरात जाऊन उलटली. जयदीप धावत मागे गेला होता. अँब्युलन्स येईपर्यंत त्याने त्यांचा हात धरून ठेवला होता.

हे सगळं ऐकून काकांच्या तोंडून काय निघावं? “असं कसं होईल?” हे ते म्हणाले. म्हणतानाच त्यांच्या डोळ्यांपुढे झेंडू होता. कसं झालं ते त्यांना जगात सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट माहीत होतं. 

पोलिसांनी ट्रेलर नेला. साखळी हुकात नव्हती, हे त्यांच्या पहिल्याच कागदात आलं. तपासणी कोण करतं, असं विचारल्यावर जयदीपने सांगितलं, “मीच.” हे काकांना त्याच संध्याकाळी अस्मिताकडून कळलं. तेव्हाच खाली जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. काका नागरिक होऊन पंचवीस वर्षं झालेली, पेन्शन चालू, डोक्यावर कसलीही टांगती फाईल नाही. त्यांचं जाणार होतं ते एवढंच, की ‘मिस्टर नो’ न बघता ओके म्हणाले, हे चार लोकांना कळलं असतं. तेवढंसुद्धा त्यांना सोसलं नाही.

मग सबबी सुरू झाल्या. आधी बाईंना शुद्धीवर येऊ दे. मग जयदीपला सावरू दे. मग वकील काय म्हणतो ते बघू. सगळ्यांत सोयीची सबब काकूंची होती. एका दुपारी भाजी निवडता निवडता त्यांनी विचारलं, “अहो, तो पाचव्या चाकाचा हार तुम्ही काढला होतात ना?”

“काढला होता,” काका म्हणाले. खरं कळलं असतं तर काकूंनी सगळं स्वतःवर घेतलं असतं, म्हणून मी खोटं बोललो, असं ते स्वतःला सांगत राहिले. त्यात तथ्यही होतं. पण तेवढ्यासाठी ते खोटं बोलले नव्हते.

नोव्हेंबरच्या शेवटी मॅरियनबाई गेल्या. त्यांच्या गावच्या पेपरात फोटो आला. काकांनी तो संगणकावर शोधून वाचला. शाळेच्या बसवर बत्तीस वर्षं ड्रायव्हर होत्या. रोज निघण्याआधी बसभोवती एक फेरी मारायच्या, असं कुणा सहकाऱ्याने कौतुकाने लिहिलं होतं. काकांनी ते वाक्य परत परत वाचलं. जयदीपवरच्या आरोपाची भाषा बदलली. आता त्यात मृत्यू होता. पीआरच्या फाईलचं काय होईल, ते वकिलालाही सांगता येईना.

डिसेंबरात ट्रेलर परत आला. पाचवं चाक नव्हतं, उलगडलेली केबल आत कोंबलेली, साखळी तशीच लोंबती. जयदीप घरात नाही असं बघून काका पुठ्ठा टाकून त्याखाली सरकले. गुडघा दुखलाच नाही, असं काही नाही. दुखला, पण त्या दिवशी त्यांना खाली जाता आलं. टॉर्चच्या उजेडात पट्टीच्या कोपऱ्यात एक सुतळीचा तुकडा चिकटलेला दिसला, आणि त्यात चपट्या, काळ्या पडलेल्या तीन फुलांचे देठ. पोलिसांना तो कचरा वाटला असणार. काकांनी तो सोडवून घेतला आणि व्हर्नियर कॅलिपरच्या पेटीत ठेवला. फेकता आला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच.

जयदीप आता वर येत नव्हता. फ्रिज कुणी उघडत नव्हतं. दिवसा काम सोडून तो ड्राइव्हवेवरच्या ट्रेलरमध्ये जाऊन बसायचा, गार पलंगावर, जॅकेट घालून. काका स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. एकदा अस्मिता वर आली. तिचे डोळे सुजलेले होते.

“काका, तो जेवत नाहीये. मी मारलं त्यांना, मी मारलं, एवढंच बोलतो. थेरपिस्ट झाला, सगळं झालं. तुम्ही बोला ना त्याच्याशी. तुमचंच ऐकतो तो.”

काका ट्रेलरमध्ये गेले. समोरच्या पलंगावर बसले. तोंडातून वाफ निघत होती. सांगायचं म्हणूनच ते गेले होते, हे खरं. पण सुरुवात केली ती अशी: “अरे, अपघात होतात. कुणाच्या हातात असतं का?”

जयदीपने त्यांच्याकडे बघितलं. मग हळूच विचारलं, “काका, त्या दिवशी सकाळी साखळी...”

“लावलेली होती,” काका म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले, की प्रश्न अर्धाच राहिला. “मी बघितली ना.”

“ओके,” जयदीप म्हणाला.

त्यानंतर त्याने काकांना काही विचारलं नाही.

मार्चमध्ये चॅथमच्या कोर्टात तारीख होती. काकाच पिकअप चालवत त्यांना घेऊन गेले. जयदीप अपघाताच्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावत नव्हता. काका मागच्या बाकावर बसले, कोटाच्या खिशात कॅलिपरची पेटी. बाईंची बहीण उठली आणि कागदावरून वाचू लागली. ती रागावलेली नव्हती, याचंच काकांना सगळ्यात भय वाटलं. ते पम्पकिन पाय कुणी खाल्ले नाहीत, ते पोलिसांच्या फोटोत आहेत, असं काहीतरी ती म्हणाली. मग म्हणाली, फार काही करायला नको होतं. त्या सकाळी कुणीतरी फक्त वाकून बघायला हवं होतं.

काका अर्धवट उठले. उठले हे खरं आहे. अस्मिताने वळून बघितलं. त्यांचा हात खिशात गेला. पण त्याच वेळी न्यायाधीशांनी विचारलं, कबुली कायम आहे ना, आणि जयदीप स्पष्ट आवाजात म्हणाला, “गिल्टी. तपासणीची जबाबदारी माझी होती. मी खाली वाकून बघितलं नाही.” काका खाली बसले.

दंड झाला, प्रोबेशन झालं, लायसन्स दोन वर्षांसाठी गेलं. परतीच्या वाटेवरही स्टिअरिंगवर काकाच होते. टिलबरीपाशी जयदीपने डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर काका कोट न काढता बेसमेंटमध्ये उतरले. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता. पेटी उघडून सुतळीचा तुकडा टेबलावर ठेवला, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं: हार, खोटं कट्‌, दोन कड्या तोकडी साखळी, ओलं काँक्रीट, ओके. सांगताना ते रडत होते. शेगडीपाशी अस्मिताच्या हातातला डाव थांबला.

जयदीप उठला. लॅपटॉपच्या खालून त्याने लॅमिनेट केलेली यादी काढली आणि सुतळीच्या शेजारी ठेवली. पुसलेली नव्हती. तेवीस खुणा, आणि खाली पिवळ्या मार्करने ‘जेबी’.

“मला माहीत होतं काका. तुम्ही गुडघ्यावर बसला नव्हता, मी बघितलं ना. तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं मी, पण तुम्हाला कसं म्हणायचं? चाकाखाली झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या रस्त्यावर. बाईंचा हात धरून बसलो होतो ना, तेव्हा दिसत होत्या.”

“मग पोलिसांना हा कागद...”

“नाही दिला. ट्रेलर माझा आहे. तुमचं वय, काकू... कसा देणार?”

“मी उद्या येतो वकिलाकडे. लिहून देतो. सही करतो.”

“आता नाही होत. मी कोर्टात सांगितलंय, मीच बघितलं नाही म्हणून. आता तुम्ही वेगळं सांगितलं, तर मी कोर्टात खोटं बोललो असं होईल. पीआरचं जे काय उरलंय ते पण जाईल.”  त्याचा आवाज चढला नव्हता. “तुम्ही आधी आला असता ना काका, तरी मी तुम्हाला सांगू दिलं नसतं. अंगावर मीच घेतलं असतं. पण तुम्ही यायला पाहिजे होतं. रोज वाटायचं, आज येतील. ट्रेलरमध्ये त्यासाठीच बसायचो मी. तिथे आपण दोघंच असायचो म्हणून.”

“पाच महिने?” अस्मिता म्हणाली. ती जयदीपला म्हणाली की काकांना, ते कळलं नाही. तिने शेगडी बंद केली आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

काका वर आले. त्यांनी काकूंना सगळं सांगितलं.  उन्हाळ्यासाठी डब्यात राखून ठेवलेलं झेंडूचं बी काकूंनी दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकलं.

एप्रिलच्या शेवटी जयदीप आणि अस्मिता वॉटर्लूला राहायला निघाले. अस्मिताला तिथे काम मिळालं होतं. सामानासाठी भाड्याचा लहानसा ट्रेलर पिकअपच्या मागे जोडला होता. जुना ट्रेलर भंगारवाला सोमवारी नेणार होता. रात्रभर पाऊस पडून ड्राइव्हवे ओला होता.

जयदीपने नेहमीसारखा दोघांना वाकून नमस्कार केला. काकूंनी डबा दिला, तो त्याने घेतला. अस्मिता “येते काकू” म्हणून स्टिअरिंगमागे जाऊन बसली. काका सवयीने हिचकडे वळले आणि वाकायला लागले.

“राहू द्या काका,” जयदीप म्हणाला. त्याने अगदी हळुवारपणे त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला केलं. “मी बघतो.”

तो ओल्या काँक्रीटवर गुडघे टेकून बसला. हाताने चाचपत, पुटपुटत तो ट्रेलरभोवती फिरू लागला. प्रश्नही तोच विचारत होता, उत्तरही तोच देत होता. “हिच? ओके. पिन? ओके.” दोन्ही साखळ्या त्याने ओढून बघितल्या, पुन्हा ओढून बघितल्या. मग पार पोटावर पडून त्याने ट्रेलरच्या खाली बघितलं. भाड्याच्या ट्रेलरखाली स्पेअर नव्हतंच. तरी तो बराच वेळ बघत राहिला.

काका तीन पावलांवर हात बांधून उभे होते, त्याने वर बघून काही विचारलंच तर असावं म्हणून. जयदीप उठला, गुडघे झटकले, आणि पलीकडच्या दाराने गाडीत बसला.